ब्लाइंड सोडतच नाही तो: बटनवरचं स्टील फसतं तेव्हा काय तपासावं

"तो माणूस ब्लाइंड सोडतच नाही, काय करू?" पोकरचे डाव तपासून द्या म्हणणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर विचारायचे प्रश्न तोंडपाठ झालेत. ते इथे क्रमाने लिहितोय. आधी फुकटातले, मग थोडं डोकं लावायचे, आणि चिप्स पणाला लावून तपासायचे ते सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगतो. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी (स्मॉल आणि बिग) भरायची सक्तीची रक्कम. ती उचलायला शेवटच्या खुर्च्यांवरून, विशेषतः बटनवरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारी खुर्ची) मारलेला रेज म्हणजे स्टील. स्टीलची कमाई दोन ठिकाणी होते: समोरचे लगेच पानं टाकतात तेव्हा, आणि कोणी कॉल केला तर फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं उघडल्यावर, आपण पोझिशनमध्ये (त्याच्यानंतर बोलणारे) असतो तेव्हा. चिवट माणूस यातली पहिली कमाई बंद करतो. पण त्यासाठी त्याला कच्ची पानं घेऊन फ्लॉप बघावा लागतो. हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर आपल्या पानाची जोडी किंवा त्याहून बरं काही लागण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. म्हणजे तीनातून दोनदा त्याला काहीच लागत नाही. मग एकतर तो पुढे कुठेतरी सोडणार, किंवा हातात काही नसताना पैसे भरत राहणार. तो कुठे सोडतो, की सोडतच नाही, हे शोधणं म्हणजेच ही दुरुस्ती. उलटा रेज मारणाऱ्यांचा प्रकार वेगळा, तो शेवटी घेतलाय.

उदाहरणं नो-लिमिट होल्डेमची आहेत. ब्लाइंड ५०/१००, दोघांकडे १०,००० चिप्स. कुठे वेगळं असेल तिथे तसं सांगेन.

लक्षणं

यातलं एखादं दिसलं म्हणून घाई नको. दोन-तीन एकत्र दिसली तरच पुढे वाचा.

- बटन किंवा कटऑफवरचा (बटनच्या आधीची खुर्ची) रेज फ्लॉप न बघता जिंकला असं क्वचित होतं, आणि कॉल करणारा बहुधा तोच एक असतो.
- फ्लॉपवर आपण बेट करतो, तो कॉल करतो. टर्नला (चौथं सामायिक पान) दोघं चेक, म्हणजे बेट न करता पुढे, रिव्हरला (पाचवं पान) दोघं चेक, आणि त्याची अठ्ठीची जोडी आपल्या एक्का-हायला (जोडी नसलेला नुसता एक्का) हरवते.
- चांगली पानं येतात तेव्हा पॉट लहान राहतो, ब्लफ करतो तेव्हा मोठा होतो.
- ट्रॅकिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर रेड लाइन, म्हणजे पानं न दाखवता जिंकलेल्या-हरलेल्या चिप्सची रेघ, सतत खाली चाललेली दिसते.
- एकाच खुर्चीकडून पुन्हा पुन्हा री-रेज येतो आणि आपण दर वेळी पानं टाकतो.
- आपण आता त्याला धडा शिकवायला म्हणून रेज करू लागलोय.

शेवटचं लक्षण सगळ्यात महागात पडतं. बाकीच्या पाचांमुळे चिप्स हळूहळू झिरपतात, याने एकदम जातात.

एकटा तो नाही, सगळं टेबलच कॉल करत असेल तर ही तक्रार वेगळी आहे. शेवटच्या खुर्च्यांवरून तुम्ही जवळपास प्रत्येक डाव रेज करत असाल तर लोकांनी ते ओळखलंय, इतकंच. थेट चौथ्या तपासणीवर जा.

१. खरंच सोडत नाही का? मोजून बघा

याला काही खर्च नाही, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. तुम्ही रेज केला, बाकी सगळ्यांनी टाकली आणि त्याच्यापर्यंत आलं, अशा प्रत्येक डावाला एक खूण करा. त्याने टाकली, कॉल केला की री-रेज केला, एवढंच लिहा. ऑनलाइन खेळत असाल तर सॉफ्टवेअरमध्ये फोल्ड टू स्टीलचा आकडा (स्टीलला तो किती टक्के वेळा पानं टाकतो) तयारच असतो.

मोजायचं कारण असं की त्याने टाकलेले डाव लक्षात राहत नाहीत, चिकटलेले राहतात. आणि मोजलं तरी थोड्या डावांचा आकडा फसवतो. समजा एक माणूस खरोखर ६० टक्के वेळा टाकतो. वीस स्टीलमध्ये त्याने बारा वेळा टाकायला हवीत, पण प्रत्यक्षात आठ ते सोळा यातला कुठलाही आकडा दिसू शकतो आणि त्यात नवल काही नाही. शंभर वेळा मोजलं तरी दहा टक्के इकडेतिकडे होतात. म्हणजे एका संध्याकाळच्या पाच-सहा कॉलवरून कोणाला चिवट ठरवलंत, तर साध्यासुध्या खेळाडूविरुद्धचं फायद्याचं स्टील तुम्ही आपल्या हाताने बंद कराल.

मोजणीपेक्षा लवकर खरं सांगतात ती शोडाउनला उघडलेली पानं. तीनपट रेजला कॉल करून शेवटी कोणी छक्की-तिर्री ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांची) दाखवली, तर त्या एका डावाने वीस कॉलइतकी माहिती दिली. तेवढं लिहून ठेवा.

२. कॉल करायला त्याला काय भाव पडतोय?

तुम्ही २५० चा रेज केला, स्मॉल ब्लाइंडने टाकली. बिग ब्लाइंडला १५० घालायचे आणि पॉट होणार ५५०. म्हणजे त्याला २७ टक्के इक्विटी (पॉट जिंकण्याची शक्यता) पुरते. रेज २०० चा असेल तर १०० घालून ४५० चा पॉट: २२ टक्के. टूर्नामेंटमध्ये १०० चा अँटी (ब्लाइंडशिवाय भरायची सक्तीची रक्कम) असेल आणि तुम्ही दुप्पट रेज केला तर १८ टक्के. बदामातला एक्का-राजा समोर असताना सत्ती-दुर्री ऑफसूटसुद्धा तीसेक टक्के जिंकते. सगळी इक्विटी रिव्हरपर्यंत पोचत नाही, पोझिशन नसेल तर आणखी कमी पोचते, हे खरं. तरीही १८ टक्क्यांच्या भावात जो भरमसाट कॉल करतो तो हट्टी नाही, तो बरोबर खेळतोय. भाव तुम्हीच पाडलाय.

आता तुमची बाजू. १५० जिंकण्यासाठी २५० लावताय, म्हणजे फक्त फोल्डच्या जोरावर भागायचं तर ६२.५ टक्के वेळा दोघांनी टाकायला हवी. ३०० लावले तर ६७ टक्के, २०० लावले तर ५७. दोघांनी, हे लोक विसरतात. प्रत्येक ब्लाइंड चारातून तीनदा टाकत असेल तरी दोघांनी एकाच वेळी टाकायची शक्यता ५६ टक्केच उरते. म्हणजे अगदी घाबरट ब्लाइंड बसलेले असतानाही २५० चं स्टील निव्वळ फोल्डवर नफ्यात नसतं. बाकीचा नफा फ्लॉपनंतरच यायचा असतो. अँटी असेल तर चित्र पालटतं: २५० जिंकायला २०० लावायचे, ४४ टक्के पुरतात. म्हणूनच टूर्नामेंटमध्ये लहान रेज चालतो. तिथे कॉल जास्त येणार हे धरूनच चालायचं.

उपाय स्वस्त आहे. त्याच्या ब्लाइंडवर काही फेऱ्या ३५० किंवा ४०० चा रेज करा, पण चांगल्या पानांवरच. कॉल कमी झाले तर त्याला भाव कळतो, अडचण आकाराचीच होती. अडीच-तीनपटीवर स्थिर राहा आणि पुढचं वाचायची गरज नाही. कॉल तेवढेच राहिले तर आणखी चांगली गोष्ट कळली: हा माणूस भाव बघत नाही. असा माणूस टेबलावर असणं म्हणजे मोठ्या पानांना जास्त पैसे मिळणं.

एक सावधगिरी. चांगल्या पानांना मोठा आणि कच्च्यांना लहान रेज, असं लक्ष ठेवणाऱ्यासमोर केलंत तर तो दोन फेऱ्यांत ओळखेल. जो स्वतःच्या पानांपलीकडे बघत नाही त्याच्यासमोर खुशाल करा.

३. तो कुठल्या खुर्चीवर आहे?

हे पटकन उरकू. तो तुमच्या डावीकडे दुसरा असेल तर तुम्ही बटनवर असताना नेमका तोच बिग ब्लाइंड असणार. लगेच डावीकडे असेल तर तुम्ही स्मॉल ब्लाइंड असताना तो बिग ब्लाइंड, आणि फ्लॉपनंतर पोझिशन त्याची. या दुसऱ्या स्थितीत त्याचं भरपूर कॉल करणं चूक नाही. तिथून कच्च्या पानांवर रेज करणं थांबवा, विषय संपला. कॅश गेममध्ये त्याच्या लगेच डावीकडची खुर्ची मोकळी झाली तर उठून तिथे बसा. तो तुमच्या उजव्या हाताला आला की त्याच्या बिग ब्लाइंडच्या वेळी तुम्हाला सगळ्यात आधी बोलायचं असतं, तिथून कोणी स्टील करायला जात नाही. आणि बाकी बहुतेक डावांत तो काय करतो ते बघून मग तुम्हाला ठरवता येतं.

४. रेज कशावर करताय?

इथे जरा मन घट्ट करावं लागतं. बटनवरून शंभरातली चाळीस-पंचेचाळीस पानं रेज करायची सवय असते, आणि सरळ टाकणाऱ्यांविरुद्ध ते बरोबरही आहे. पण राणी-चव्वी ऑफसूट, गुलाम-पंजी ऑफसूट, नव्वी-छक्की ऑफसूट असल्या पानांची जवळपास सगळी कमाई समोरच्याच्या फोल्डमधून येते. तो टाकत नसेल तर ही पानं कशाच्या जोरावर खेळणार? काढून टाका.

बऱ्याच जणांना पुढचा भाग उलटा वाटतो. चिवट माणसासमोर लोक दिसायला सुंदर पानं ठेवतात आणि एक्का-अठ्ठी ऑफसूट टाकतात, "किकर (सोबतचं पान) कच्चा आहे" म्हणून. समोर कुठलीही दोन पानं असू शकतात असं धरलं तर एक्का-अठ्ठी ऑफसूट साधारण ६० टक्के जिंकते, सत्ती-छक्की सूटेड (एकाच चिन्हाची) ४५ टक्के. सत्ती-छक्कीचा जीव सेमी-ब्लफमध्ये (अजून लागलेलं नाही पण लागू शकतं अशा पानांवरच्या बेटमध्ये) असतो, आणि ब्लफला गिऱ्हाईक नाही ही तर मूळ तक्रार आहे. जो सगळंच खेळतो त्याच्याविरुद्ध मोठं पान हेच भांडवल. एक्के, बऱ्या किकरचे राजे, दश्शीच्या वरची दोन पानं, सगळ्या जोड्या ठेवा. सूटेड कनेक्टर (एकाच चिन्हाची लागोपाठची पानं) पूर्ण टाकू नका, कारण स्टॅक खोल असतील, म्हणजे दोघांकडे भरपूर चिप्स असतील, तर फ्लश लागल्यावर हाच माणूस शेवटपर्यंत पैसे देतो. फक्त त्यांच्याकडून रोजच्या कमाईची अपेक्षा ठेवू नका.

कॅश गेममध्ये आणखी एक कारण आहे. बहुतेक ठिकाणी फ्लॉप उघडला नाही तर रेक (घराचा वाटा) कापत नाहीत. चिवट माणूस कॉल करतो म्हणजे प्रत्येक छोट्या पॉटमधून घर आपला वाटा काढतं. ज्या पानांवर जेमतेम नफा होता ती रेकमुळेच तोट्यात जातात.

५. तो नेमका कुठे सोडतो?

खरी दुरुस्ती इथे आहे, आणि यात थोड्या चिप्स घालाव्या लागतात. तीन रकाने आखा: फ्लॉप, टर्न, रिव्हर. तुमच्या बेटला त्याने जिथे टाकली तिथे खूण, जिथे शेवटपर्यंत आला तिथे काय पानं दाखवली ते. काही दिवसांत तीनातला एक रकाना भरलेला दिसतो.

*फ्लॉपवर सोडणारा.* ब्लाइंड देणं याच्या जिवावर येतं, पण लागलं नाही की पटकन टाकतो. सगळ्यात सोपा प्रकार. ५५० च्या पॉटमध्ये १८० ची बेट करा, तिला २५ टक्के फोल्ड पुरतात आणि हा त्याहून कितीतरी जास्त वेळा टाकतो. म्हणजे त्याने आधी कॉल केल्याचा तुम्हाला फायदाच झाला: १५० ऐवजी ३०० तुमच्याकडे आले. याच्याविरुद्ध स्टील बंद करणं हा वेडेपणा. फ्लॉपवर कॉल केला तर मात्र त्याच्याकडे काहीतरी आहे, टर्नला हात आवरा.

*टर्नवर सोडणारा.* हा फ्लॉपवर एकदा बघतोच, मधली जोडी असो, गटशॉट (स्ट्रेटला मधलं एकच पान कमी) असो की नुसता एक्का. लक्षणांतला दुसरा मुद्दा बहुधा याच्यामुळेच घडतो: आपण एकदा बेट करून थांबतो, म्हणजे नेमके तो टाकणार त्याच्या एक पाऊल आधी. १८० ला कॉल झाल्यावर पॉट ९१०. टर्नला ६०० लावा, ४० टक्के फोल्ड झाले की खर्च निघाला. फ्लॉपपेक्षा मोठं पान टर्नला आलं तर जास्त चालतं, त्याची जोडी एकदम लहान दिसू लागते. अपवाद एक्क्याचा. ज्याला हातातला एक्का कधीच टाकवत नाही, त्याच्याविरुद्ध टर्नचा एक्का ब्लफसाठी वाईट, कारण तो त्यालाच लागलेला असण्याची शक्यता बरीच.

*कुठेच न सोडणारा.* खरा चिवट हाच. याच्याविरुद्धचा उपाय सगळ्यांना माहीत असतो, "ब्लफ करू नका". तो अर्धाच आहे. दुसरा अर्धा म्हणजे मध्यम पानांवरही तीनदा बेट करा, आणि ते लोक करत नाहीत. एक डाव मांडूनच दाखवतो.

तुम्ही बटनवर, चौकटचा राजा आणि इस्पिकचा गुलाम. रेज ३००, त्याचा कॉल, पॉट ६५०. फ्लॉप इस्पिक राजा, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. तुम्ही ४५०, कॉल, पॉट १,५५०. टर्न बदाम नव्वी. तुम्ही १,१००, कॉल, पॉट ३,७५०. रिव्हर किलवर दुर्री. तो चेक करतो.

इथे बहुतेक जण चेक करतात. "तीनदा कॉल म्हणजे काहीतरी असणार" असं म्हणून. असणारच, पण काय? बोर्डवर ना फ्लश शक्य आहे ना स्ट्रेट. मोजू. तुमच्या मागे असलेले: राजा-दश्शी, राजा-सत्ती, राजा-छक्की, राजा-पंजी, राजा-चव्वी. दोन राजे उरलेत, त्यामुळे प्रत्येकी ८ प्रकार, एकूण ४०. मग अठ्ठीची जोडी: एक्का, राणी, दश्शी किंवा सत्तीबरोबर प्रत्येकी १२ आणि गुलामाबरोबर ९, म्हणजे ५७. बेरीज ९७. तुमच्या पुढचे: राजा-राणी ८. राजाबरोबर नव्वी, अठ्ठी, तिर्री किंवा दुर्री प्रत्येकी ६, म्हणजे २४. नव्वी-अठ्ठी ९, तिर्री आणि दुर्रीच्या जोड्या मिळून ६. बेरीज ४७. एक्का-राजा आणि मोठ्या जोड्या असत्या तर फ्लॉपआधीच री-रेज आला असता. अठ्ठी-तिर्री आणि अठ्ठी-दुर्री घेऊन तो येत असेल तर तो अठ्ठी-छक्की, अठ्ठी-पंजी, अठ्ठी-चव्वीही घेऊन येतो, त्यामुळे हिशोब बिघडत नाही.

९७ विरुद्ध ४७. त्याने रिव्हरला अर्ध्या अठ्ठ्या टाकल्या तरी ६९ विरुद्ध ४७ उरतात. कॉल झाल्यावर निम्म्याहून जास्त वेळा आपण पुढे असलो की बेट नफ्यात. २,२०० लावा. चेक करून जिंकलेला तोच डाव तुम्हाला २,२०० ने लहान मिळतो, आणि स्टील फसल्याच्या तक्रारीतला मोठा हिस्सा खरं तर या न लावलेल्या बेटचा असतो. ब्लफमध्ये गेलेल्या चिप्स दिसतात, न मागितलेल्या दिसत नाहीत.

याच माणसाविरुद्ध बाकीचं थोडक्यात. एक्का-हाय असेल तर फ्लॉपवर चेक करून शोडाउन फुकटात बघा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं. टर्नला फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पान कमी) असेल तर ब्लफची बेट नको, रिव्हरला लागायची शक्यता २० टक्क्यांच्या आतच आहे. फुकट पान घ्या, लागलं तर मग मागा. आणि आयुष्यभर कॉल करणाऱ्या या माणसाने टर्नला अचानक रेज केला तर राजा-गुलाम पटकन टाका. तो ब्लफ नसतो. तो अभिमानाने दोन जोड्या दाखवतो.

६. कॉल नाही, री-रेज येतोय

हा वेगळा प्राणी, वरचे उपाय याला लावू नका. तुम्ही २५०, तो १,०००. त्याने ९०० आणखी घातले, जिंकायला ४००. त्याला ६९ टक्के वेळा तुमचा फोल्ड हवा. आता स्वतःकडे बघा. शंभरातली ४५ पानं रेज करताय आणि री-रेजला ९ घेऊन उभे राहताय, तर ८० टक्के वेळा टाकताय. कुठलीही दोन पानं घेऊन तो नफ्यात आहे, त्याने थांबावं तरी का?

आधी स्वस्त उपाय: रेज २५ पानांपर्यंत आणा. उभी राहणारी ९ तीच ठेवली तरी फोल्ड ६४ टक्क्यांवर येतो आणि त्याचा आपोआप मिळणारा नफा थांबतो. हिंमत लागत नाही, नवं काही शिकावं लागत नाही. मग पोझिशन हातात आहे म्हणून एक्का-राणी, राजा-राणी सूटेड, मधल्या जोड्या टाकण्याऐवजी कॉल करा. त्याच्या री-रेजवर आपण पुन्हा रेज मारणं शेवटी. २,३०० चा रेज म्हणजे १,३०० जिंकायला २,०५० घालणं, ६१ टक्के फोल्ड हवेत. तो त्याला टाकतो की नाही हे ठाऊक नसताना ब्लफ म्हणून मारला तर ती नुसती चीड असते. चांगल्या पानांवर आधी मारून बघा, काय करतो ते कळेल.

७. त्याच्याकडे चिप्स किती?

टूर्नामेंटमधली तक्रार बऱ्याचदा इथे सापडते. त्याच्याकडे बारा बिग ब्लाइंड, म्हणजे १,२००. अँटी १००. तुम्ही २०० चा रेज केला, त्याने ऑल-इन केलं. पॉट १,५५०, कॉल १,००० चा: ३९ टक्के इक्विटी हवी. जो वरचेवर ऑल-इन मारतो त्याच्याविरुद्ध राजा-गुलामला ती सहसा असते. नव्वी-पंजी सूटेडला नसते. म्हणून रेज करायच्या आधीच विचारा, याने ऑल-इन केलं तर कॉल करेन का? उत्तर नाही असेल आणि तो वरचेवर मारत असेल, तर पानं आत्ताच टाका. बक्षिसाच्या रांगेजवळ किंवा फायनल टेबलवर ३९ टक्केही पुरत नाहीत, कारण तिथे गमावलेल्या चिप्सची किंमत तेवढ्याच जिंकलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते.

कधी थांबायचं

सातही तपासण्या झाल्या, रकाने भरले, आणि त्यात काही सापडलं नाही: तो योग्य भावात कॉल करतो, टर्नला कधी टाकतो कधी नाही, चेक-रेज (आधी चेक, मग आपल्या बेटवर रेज) मारतो, रिव्हरला मोजका कॉल करतो. मग तो चिवट नाही, चांगला खेळाडू आहे. त्याच्या ब्लाइंडवर फक्त चांगली पानं रेज करा. कॅश गेम असेल तर टेबल बदला. चांगल्या खेळाडूच्या ब्लाइंडवर हट्टाने नफा शोधण्यात काही शौर्य नाही.

उसने घेऊन खेळताय, घरच्यांपासून हरलेले आकडे लपवताय, हरलेलं आजच परत मिळवायचं म्हणून मोठ्या ब्लाइंडच्या टेबलवर जाताय, झोप उडालीय. यातलं एकही असेल तर वरचं काहीही करू नका. खेळ बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. ही पोकरची अडचण नाही, पोकरचा कोच यात काही करू शकत नाही.

ते नसेल, पुरेसे डाव हातात असतील आणि तरी बटनवरून तोटा चालू असेल, तर कोच गाठा. सॉल्व्हर (योग्य चाली मोजून देणारं सॉफ्टवेअर) स्वतः विकत घेऊन बसण्याआधी. सॉल्व्हरची उत्तरं समोरचाही समतोल खेळतो असं धरून निघतात. हट्टी माणसाविरुद्ध ती जशीच्या तशी वापरली तर तो करतच नसलेल्या फोल्डवर तुम्ही ब्लफ करत बसाल. त्यासाठी त्याच्या सवयी आत भरून नोड (डावातला निर्णयाचा एक टप्पा) लॉक करावा लागतो, आणि कुठला नोड, किती, हे ठरवणं अनुभवाचं काम आहे. कोचला सगळा डेटाबेस पाठवू नका. तुम्ही बटनवर, बिग ब्लाइंडचा कॉल, आणि टर्न उघडलेला, एवढेच डाव गाळून द्या. जिंकलेलेसुद्धा. सोबत तुमचे तीन रकाने, आणि प्रत्येक मोठ्या पॉटशेजारी बेट करताना तो काय टाकेल असं वाटलं होतं ते एका ओळीत.